आडव्या बाटलीच्या तांड्यावर

नाशिकहून निघाल्यापासून मी बॅग एका जागी ठेवलीच नाही. सीटखाली ठेवायचो, काही मिनिटांनी वर घ्यायचो, मांडीवर धरायचो. समोरच्या बाईंनी शेवटी विचारलं, "औषधं आहेत का?" मी हो म्हणालो. टॉवेलात गुंडाळलेली व्हिस्कीची बाटली होती.

आमचा कारखाना छोटा आहे. अमेरिकेत मक्यापासून जी बर्बन व्हिस्की करतात, तिच्या धर्तीची दारू आम्ही करतो. बर्बन हे नाव मात्र आम्हाला लावता येत नाही, ते तिथल्याच दारूला लागतं. निम्म्याहून जास्त मका, आतून जाळून काळी केलेली ओकच्या लाकडाची नवी पिंपं, आणि मग नुसती वाट पाहणं. एका वेळी थोडीच पिंपं फोडायची, प्रत्येक बाटलीवर हाताने क्रमांक घालायचा. महाग विकायची. धान्य निवडणं माझं काम.

यवतमाळ जिल्ह्यातला लाल मका मीच शोधला होता. वणीच्या एका अडत्याने नमुना पाठवला होता: गडद, विटेसारख्या रंगाचे दाणे, चावले की गोडसर. तो घेतला, गाळला, पिंपांत भरला. तीन वर्षांनी पहिलं पिंप उघडलं आणि मालक विक्रांतने एक घोट घेतला, लगेच दुसरा घेतला. मग म्हणाला, "हा मका पिकवतं कोण?"

अडत्याने कळवलं, एक बंजारा बाई आहे, चावळीबाई. विक्रांतने फोटोग्राफर पाठवला. फोटो असा आला की आम्ही सगळेच खुर्चीवरून उठलो. कपाळावर ओढणी, हातात कणीस, डोळे थेट आपल्यावर रोखलेले. बंजारा बोलीत आईला 'याडी' म्हणतात हे विक्रांतला कुणीतरी सांगितलं. नाव ठरलं. लेबलं छापून आली. त्यानंतर वकिलाने विचारलं की बाईंची लेखी संमती कुठे आहे.

म्हणून मी निघालो होतो, बाईंना दाखवायला लेबल लावलेली एक बाटली घेऊन.

यवतमाळ

धामणगावला रेल्वेतून उतरून एसटीने यवतमाळ गाठलं. सकाळी बसस्थानकाबाहेर तर्री-पोहे खाल्ले. आम्ही नाशिकची माणसं मिसळीवरून छाती फुगवून बोलतो, पण पोह्यांवर लाल रस्सा ओतून खायचं धाडस आमच्याकडे नाही. गाडीवाल्याने विचारलं, "सांबार टाकू का?" मी म्हटलं, पोह्यांवर सांबार कशाला, नको. त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि मूठभर चिरलेली कोथिंबीर बाजूच्या माणसाच्या ताटलीत टाकली. इकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. पुन्हा मागायची लाज वाटली.

घशाला तिखट लागलं होतं तरी मी दुसरी प्लेट घेतली. खरं तर मला पुढच्या बसमध्ये चढायचं नव्हतं. तीन वर्षं त्या बाईंचा मका वापरला आणि एकदाही त्यांच्याशी बोललो नाही, हे मला त्या आठवड्यात पहिल्यांदा खटकू लागलं होतं. एक बस सोडली. दुसरीत बसलो.

वणी

वणीत कोळशाचे ट्रक आणि कापसाच्या गाड्या एकाच चौकात अडकून पडतात. रस्त्याकडेच्या झाडांची पानं काळपट, आणि त्यांच्या काट्यांना अडकलेला कापूस. अडत्याच्या, म्हणजे मोरेश्वररावांच्या गाळ्यात बसलो तेव्हा माझा पांढरा शर्ट करडा झाला होता.

"सहीचं काही टेंशन घेऊ नका," ते म्हणाले. "बाई मोठी चांगली हाये."

"फोटो काढताना त्यांना काय सांगितलं होतं?"

मोरेश्वररावांनी चहा बशीत ओतला. "बियाण्याच्या कंपनीवाले हायेत म्हटलं."

"बियाण्याच्या?"

"मंग काय सांगू? समदं सांगत बसलो तं फोटो निंगते का? तुम्हीच म्हटलं होतं, लवकर पाह्यजे."

ते खरं होतं. मीच फोनवर घाई केली होती. त्यांनी येण्याचं टाळलं, गुडघ्याचं कारण सांगितलं, आणि मारेगावच्या प्रकाशची जीप ठरवून दिली. मी बॅग उचलली. आत टॉवेलातून निसटलेली बाटली शाईच्या पॅडच्या डबीवर आपटून वाजली. अंगठ्याचा ठसा घ्यायची वेळ आली तर असावी म्हणून शाई घेतली होती. बाईंना सही येत नसेल, हे मी न विचारताच धरून चाललो होतो.

मारेगावच्या पुढे

प्रकाश चाळिशीचा, बोलका माणूस. जीपच्या पुढच्या काचेवर बाबासाहेबांचा छोटा फोटो, शेजारी मुलीच्या शाळेतला. मुलगी नर्सिंगला आहे हे त्याने पहिल्या दोन मिनिटांत सांगून टाकलं.

"साहेब, बॅग मांडीवर कायले घेतली? मांगं ठेवा ना."

"असू दे."

"काच हाये वाटते आतमंदी. वाजून राह्यली."

मी बॅग आणखी घट्ट धरली. बाहेर वेचणीला आलेली कपाशी होती, मध्ये तुरीच्या ओळी. आमच्याकडे द्राक्षबागेत तारेला बांधल्याशिवाय काही उभं राहत नाही. इथली पिकं आपापली, मोकळी. मला ते बघायला आवडलं असतं, पण मी सारखं घड्याळ पाहत होतो.

केळापूर तालुक्याच्या हद्दीत शिरल्यावर एका फाट्यावर शटर ओढलेला गाळा दिसला. पायरीवर दोन शेळ्या बसलेल्या. प्रकाशने गाडी मुद्दाम हळू केली.

"इथं देशीचं दुकान होतं. बायायनं बंद पाडलं. बाटली आडवी केली."

"आडवी म्हणजे?"

"मतदान झालं ना साहेब. चिठ्ठीवर दोन बाटल्या राह्यते, एक उभी, एक आडवी. उभीवर शिक्का मारला तं दुकान चालू, आडवीवर मारला तं बंद. म्हाताऱ्या बायकायले मीच आणलं या गाडीत. एक म्हातारी तं खाटेसंगं आणली." तो हसला. "गावोगाव फिरून समद्यायले तयार कोणं केलं माहीत हाये? चावळीमायनं. तुम्ही जिच्याकडे चालले ना, तिनं."

"गाडी थांबव," मी म्हणालो.

खाली उतरलो. दहा पावलं गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. विक्रांतला फोन लावला आणि वाजायच्या आत कापला. परत फिरायला काही हरकत नव्हती. बाई भेटल्या नाहीत, असं सांगता आलं असतं. पण लेबलं छापलेली होती. मी परतलो असतो तर दुसरं कुणीतरी आलं असतं, आणि तो माणूस फाट्यावर थांबलाही नसता.

जीपपाशी येऊन मी प्रकाशला म्हणालो, "माझी बॅग गाडीतच राहू दे. मी फक्त कागद घेऊन जातो."

त्याने बॅगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मले काही सांगू नका, साहेब. मायले सांगा काय सांगायचं ते."

तांडा

तांडा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे बैलांचे तळ वगैरे काहीतरी होतं. प्रत्यक्षात सिमेंटचा रस्ता, पत्र्यांची आणि स्लॅबची घरं, दारात मोटारसायकली. मीठ आणि धान्य लादून फिरणारे यांचे पूर्वज कधीच इथे थांबले आणि शेतकरी झाले. सेवालाल महाराजांच्या देवळावर पांढरा झेंडा होता. चावळीबाईंच्या ओसरीत वाशाला कणसांच्या जुड्या टांगलेल्या होत्या. लाल. माझ्या व्हिस्कीचा रंग पिंपातून येतो हे मला माहीत आहे, तरी क्षणभर वाटलं की तो इथूनच आला.

चावळीबाई फोटोत दिसल्या त्यापेक्षा ठेंगण्या निघाल्या. चालताना एक पाय किंचित ओढत होत्या.

"बियाण्याच्या कंपनीचा ना तू? बस. घुगरी खाय आंधी."

उकडलेला मका, वरून गूळ आणि खोबरं. तीन वर्षं मी हा दाणा दळून, भिजवून, आंबवून पाहिला होता. कुणाच्या घरी बसून नुसता चावून खाल्ला नव्हता. चांगला होता. तरी दोन घास खाऊन वाटी खाली ठेवली.

"धुऱ्यावर लावतो आमी," त्या म्हणाल्या. शेताच्या बांधाला इकडे धुरा म्हणतात. "माह्या सासूनं आणलं हे बी. ते मोरेश्वर म्हणे, साहेबायले लय आवडला मका. कायले पाह्यजे इतका?"

मी फोल्डर उघडला. "मावशी, तुमचा फोटो आम्ही एका वस्तूवर छापतोय. त्यासाठी सही लागेल. अंगठा दिलात तरी चालेल."

"अंगठा?" त्या ताठ झाल्या. "सही येते मले. मतदानाच्या अर्जावर समद्यात पहिली सही माही हाये. साठ वर्साची झाल्यावर शिकलो म्या."

त्यांनी चष्मा लावला, कागद पाटावर ठेवला. मला वाटलं होतं त्या खूप प्रश्न विचारतील. एकच विचारला, "मक्याच्याच वस्तूवर हाये ना?"

"मक्याच्याच," मी म्हणालो.

हे खोटं नव्हतं. मी मनाशी दोनदा म्हटलं, हे खोटं नाही. त्यांनी पेन घट्ट धरला. ओठ मिटून, श्वास रोखून 'चा' काढला. काना सरळ आला का ते कागद दूर धरून पाहिलं. मग 'व'. व-चं पोट गोल व्हावं म्हणून त्या इतक्या जपून फिरवत होत्या की मला बघवेना.

"थांबा, मावशी."

"काऊन? चुकलं का?"

"नाही. तुमचं काही चुकलं नाही. थांबा, मी आलो."

जीपपर्यंत पळतच गेलो. बॅगेची चेन अडकली, ती ओढून तोडली. बाटली घेऊन ओसरीत आलो आणि पाटावर, त्यांच्या अर्ध्या सहीशेजारी ठेवली. तोपर्यंत शेजारच्या चार-पाच बाया जमल्या होत्या. काय आहे म्हणून एकीने त्यांच्या बोलीत विचारलं, "कांई छ?"

चावळीबाईंनी बाटली उचलली नाही. चष्म्यातून नुसतं पाहिलं. काचेवर त्या स्वतःच होत्या, हातात कणीस घेऊन.

"दारू आहे," मी म्हणालो. "तुमच्या मक्याची. बियाण्याची कंपनी वगैरे काही नाही. मी दारूच्या कारखान्यात काम करतो."

 आत कुठेतरी मिक्सर चालू होता तो बंद झाला.

"वर काय लिवलं?"

लेबल इंग्रजीत होतं. मी मराठीत वाचून दाखवलं. थोड्याच पिंपांतून काढलेली, विदर्भातल्या लाल मक्याची. "आणि मोठ्या अक्षरात लिहिलंय, याडी."

"याडी म्हंजे मीच का?"

"फोटो तुमचा आहे. म्हणून."

"आन् याडी कोणाची?" त्यांचा आवाज चढला नाही. "जो पेईन त्याची?"

 मी म्हणालो, आमची दारू महाग असते, फाट्यावरच्यासारखी नाही, लोक थोडी थोडी घेतात. बोलता बोलताच ते मलाच ऐकवेना.

"आमच्या होळीले लेंगी गाते," त्या म्हणाल्या. "माणसं गाते, बाया नाचते, रातभर. दोन होळ्या अशा गेल्या का गाणारा एक गळा उभा नोयता. समदे फाट्यावर. बाया होळीभोवती उभ्या आन् गाणं नाई. म्हून मी घरोघर फिरलो. तेव्हा माह्या घरचे माणसंही बोलत नोयते माह्याशी. पायाले दगड बसला, तो आजून दुखते." त्यांनी बाटलीकडे बोट केलं. "आन् तू मलेच याच्यावर बसवलं."

एक तरुण बाई माझ्यावर तावातावाने बोलू लागली. तिची गोरबोली, म्हणजे बंजारा बोली, मला कळली नाही, 'दारू' आणि 'पोलीस' एवढेच शब्द कळले. चावळीबाईंनी हात वर केला. तांड्यात दारू आणणाऱ्यासाठी बायकांच्या गटाचा ठराव होता: त्याने स्वतःच्या हाताने ती ओतायची आणि गटाच्या वहीत कबुली लिहायची.

हापशाच्या पलीकडे निंबाखाली मी बूच काढलं. तीन वर्षं ज्याची वाट पाहिली ते मातीत गेलं. उन्हाने तापलेल्या जमिनीतून वास वर आला, जळका गूळ, ओलं लाकूड. बाटलीतूनही तो मला इतका दाट कधी आला नव्हता.

"गुळावानी वास येते," त्या तरुण बाईच्या तोंडून निघून गेलं.

"वास चांगलाच राह्यते," चावळीबाई म्हणाल्या. "तेच तं वांधे हाये."

रिकामी बाटली त्यांनी गरम पाण्याच्या घमेल्यात घालायला लावली. लेबल सुटायला बराच वेळ लागला, आमचा डिंक चांगला आहे. सुटलं तेव्हा त्यांनी ते तळहातावर पसरून पाहिलं. "फोटो मस्त काढला पोट्ट्यानं," म्हणाल्या, आणि 'याडी' हा शब्द असलेली पट्टी नखाने फाडून टाकून उरलेलं ठेवून घेतलं. बाटली माझ्या हातात दिली.

मग वही आली. शाळेची, दोनशे पानी. मी ऑफिसात मेल लिहितो तसं लिहिलं आणि वाचून दाखवलं: "माझ्याकडून अनवधानाने मद्याची एक बाटली तांड्याच्या हद्दीत आणली गेली."

"अनवधान म्हंजे काय?"

"चुकून."

"चुकून आणली का तू?"

"नाही."

"मंग खोड."

खोडलं. दुसऱ्यांदा लिहिलं, कंपनीने मला पाठवलं होतं. त्या म्हणाल्या, "कंपनीले आम्ही पाह्यलं नाई. तुले पाह्यलं." तेही खोडलं. तिसऱ्यांदा पेन टेकवून बसलो तेव्हा घाम कानामागून उतरत होता. शेवटी लिहिलं: चावळीबाईंना खरं न सांगता मी तीन वर्षं त्यांचा मका दारूसाठी घेतला. त्यांना न विचारता त्यांचा फोटो बाटलीवर छापला. आज खोटं सांगून त्यांची सही घेत होतो. अर्धी झाल्यावर थांबवलं.

खाली पूर्ण नाव लिहिलं, सही केली. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मी उभा राहून वाचलं. मधे एका ओळीवर अडलो, तेव्हा कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला.

निघताना मी संमतिपत्र त्यांच्यासमोर फाडलं. पुढच्या वर्षीच्या मक्याचं विचारायची माझी हिंमत नव्हती. त्यांनीच सांगितलं, "मका तं मी लावनच. तुह्या कामाले देनार नाई. खायले येजो."

परत

मारेगावला चहाला थांबलो तेव्हा विक्रांतचा फोन आला. "झाली का सही?"

"झाली. माझी," मी म्हणालो, आणि घडलं ते सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग चिडला. म्हणाला, चेहरा नाही तर नाही, नाव तरी ठेवू. मी म्हटलं, नावही नाही. नाव ठेवलंस तर मका कसा घेतला ते मी वकिलाला लेखी कळवेन. एवढं बोलून फोन ठेवला. प्रकाशने माझ्या चहाचेही पैसे दिले.

लेबलं रद्दीत गेली. विक्रांत दोन महिने माझ्याशी कामापुरतंच बोलला. ती दारू नंतर बाजारात आली, साध्या पांढऱ्या चिठ्ठीवर पिंपाचा क्रमांक घालून. विकली गेली. मी अजून तिथेच आहे, याचं मला कधी बरं वाटतं, कधी नाही. धान्य घेताना त्याचं काय होणार ते आता आधी सांगतो. काही जण देत नाहीत. देणारे देतात.

मागच्या महिन्यात पुन्हा गेलो, कुणी पाठवलं नसताना. प्रकाशने जीप तांड्याच्या तोंडाशीच थांबवली आणि म्हणाला, "इथून पायी जा." चावळीबाई ओसरीत कणसं सोलत बसल्या होत्या. हसल्या नाहीत. बॅग मागितली. पाटावर उपडी करून एकेक वस्तू पाहिली. कपडे, दाढीचं सामान, त्यांच्यासाठी नेलेले नाशिकचे बेदाणे. बेदाणे हुंगून बाजूला ठेवले. मग माझी प्रवासातली पाण्याची बाटली उचलली, झाकण काढलं, नाकापाशी धरली. तेवढ्याने समाधान होईना म्हणून एक मोठा घोट घेतला, तोंडात फिरवला आणि गिळला.

"पाणीच हाये," त्या आतल्या बायांना ओरडून म्हणाल्या. "ताट वाढा."